तीस सेकंद

रात्री पावणेदोनला पुन्हा लाल.
सातशे अकरा टेस्ट हिरव्या, आणि ही एकटी,
एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरची,
चाळीसदा चालवली तर एकदा पडणारी.

टीममध्ये तिला सगळे ओळखतात.
'परत चालव, जाईल,' अन्वय भिरूड पुण्याहून लिहितो,
सोबत एक जांभई.
मी यावलच्या माडीवर बसून परत चालवते.
ती जाते.
इतका स्वस्त हिरवा रंग मी केळीच्या बागेतही पाहिला नाही.

आईला एकदा सांगितलं होतं माझं काम:
समज, घड कापणाऱ्या टोळीचा एक मुकादम.
माणसांऐवजी हाताखाली हजार डबे,
प्रत्येकात एक छोटा प्रोग्राम.
डबा बंद पडला की हा दुसरा उभा करतो,
मशीन बसलं की त्यावरचे डबे
शेजारच्या मशीनवर हलवतो, आरडाओरडा न करता.
'आनि तू काय करती?'
मी त्याच्या नकळत मशीन बंद करते
आणि बघते, त्याला कळतं का.
'म्हंजे खोड्या काढती.'
हो. पगारी.

आज दुपारी बामणोदच्या शेतात भरीत होतं.
पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात वीसेक किलो वांगी,
आणि जाळापुढं उकिडवे बसलेले डिगूनाना वारके,
भुवया कधीच्या जळालेल्या.
मी विचारलं, किती मिनिटं लागतात?
माझं शिक्षण वाया गेल्यासारखं त्यांनी पाहिलं.
'घड्याय पाहून भाजतं का वांगं?
देठापाशी दाबून पाह्य.
मऊ लागलं तं काढ. नाही तं राहू दे.'

बडगीत मिरची ठेचली जात होती,
कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या,
आणि माझ्या डोक्यात चौसष्टावी ओळ.

ती आत्ता उघडली आहे.
'तीस सेकंद थांब. मग तपास.'
चार वर्षांपूर्वी कुणी तरी लिहिलं,
नाव आहे, माणूस कंपनी सोडून गेला.
त्याच्या मशीनवर तीस पुरले असतील.
रात्री सर्व्हरवर भार आला की चौतीस लागतात,
आणि एरवी चारच, मग उरलेले सव्वीस
आम्ही सगळे मिळून कशाची वाट बघत होतो?

ओळ खोडली. तिच्या जागी एक प्रश्न,
दर अर्ध्या सेकंदाला:
उठलास का?
नाही.
उठलास का?
नाही.
उठलास का?
हो.
दोन मिनिटांत नाहीच उठला, तर मात्र बोंब मार.

अशाच आणखी त्र्याण्णव ओळी सापडल्या.
चाळीस मिनिटांची तपासणी अकरावर आली.
मग एकशे अठ्ठ्याऐंशी सलग दोनशे वेळा लावली
आणि चहा ठेवायला उठले.

एकशे त्रेसष्टाव्या वेळी लाल.

आता तिला उशिराची सबब नाही.
लॉग उलटा वाचत गेले, ओळ न् ओळ.
डब्याला 'निघ' म्हटलेलं,
आणि त्याच सेकंदात
त्याच्याच दारात एक नवं काम टाकलेलं.
मुकादमानं गडी घरी पाठवला,
हजेरीवरचं नाव मागून खोडलं.
मधल्या फटीत जे आलं ते गेलं,
कुणाचं पेमेंट, कुणाचं तिकीट, देव जाणे.

म्हणजे ती चारदा उगीच रडायची
आणि पाचव्यांदा खरंच दुखायचं.
आम्ही तिला लहरी म्हटलं,
परत चालवत राहिलो.
त्यात मीही. माझाच हात सगळ्यात सवयीचा.

अन्वयला लिहिलं: परत चालवू नकोस.
त्याचं लगेच आलं, जांभईशिवाय:
'गुरुवारी रिलीज आहे. लाल ठेवायची?'

ठेवायची.

खाली लाइट गेली, इन्व्हर्टर टुकटुकायला लागला.
केसांना अजून पऱ्हाट्यांच्या धुराचा वास.
पडद्यावर एक लाल टिंब,
आणि चहा उतू गेलेला.